सूर्य, सावली आणि नावेवरची बॅटरी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आमचा आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे. त्या वस्तूचे नाव डायोड. नावेच्या छपरावर सोलर प्लेट बसवली, ऊन कडक पडले, तरी संध्याकाळी बॅटरी अर्धीच का भरलेली असते, आणि ती पुरी भरावी म्हणून ही लहानशी वस्तू कोठे बसवावी व कोठे बसवू नये, एवढेच आम्ही सांगणार आहोत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो लोकशिक्षणासाठी. लोकांच्या रोजच्या कामातली वस्तू लोकांस समजावून सांगणे हेही लोकशिक्षणच होय, असे आम्ही मानतो.

कामगार चळवळीतल्या माणसांनी विजेच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात, कारखान्याच्या फाटकापाशी आणि काम करणाऱ्या हातांकडे पाहून. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. ज्या यंत्रावर माणसाचे पोट चालते त्या यंत्राचे ज्ञान त्याच्याजवळ नसले, तर मजुरी वाढूनही त्याचा खिसा रिकामाच राहतो. मजुरी एका हाताने मिळते आणि दुरुस्तीच्या नावाने दुसऱ्या हाताने जाते. नावेवरची वीज हे याचे चांगले उदाहरण आहे.

आपली सांगली कृष्णेच्या काठची. होड्यांच्या शर्यतींना काठावर लोटणारी गर्दी आपण पाहिली आहे. हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला मिळते. तेथून पलीकडे कोथळीस जाणाऱ्या नावेत आपल्यापैकी अनेकजण बसले असतील. वर कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, आणि त्या कोयनेच्या पाठीमागे जावे तर शिवसागर लागतो. बामणोली, तापोळा येथून तेथे लाँच चालतात. कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना आजारी माणूस न्यायचा असो की बाजार आणायचा असो, लाँचचा आधार आहे. पर्यटकांना ती सहल वाटते. तेथल्या रहिवाशांना ती एस्.टी. आहे. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. ज्या पाण्यावर ही वीज होते त्याच पाण्यावर चालणाऱ्या लाँचला रात्रीचा एक दिवा मात्र स्वतःच्या बॅटरीवर लावावा लागतो. धरणाची वायर काही पाण्यावरून नावेपर्यंत येत नाही!

नावेवर वीज लागते तरी किती? फार नाही. पुढचा दिवा, आतला दिवा, भोंगा, मोबाईल भरण्याची सोय, आणि तळाशी साचलेले पाणी उपसणारा लहान पंप. पण यातली एकही वस्तू चैनीची नाही. पंप बंद पडला तर रात्रीत नाव बुडू शकते. भोंगा वाजला नाही तर धुक्यात टक्कर होते.

पुराचे दिवस आठवा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, ही गणिते सांगलीच्या लहान पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. त्या दुर्घटनेचा संबंध आम्ही दिव्याशी किंवा बॅटरीशी जोडू इच्छीत नाही. नावेत किती माणसे बसवावीत आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे की नाही, हे प्रश्न आधीचे आहेत. पण पुरात गावाची वीज बंद ठेवावी लागते, आणि मग नावेवरचा दिवा व नावेवर भरलेला मोबाईल एवढीच काय ती वीज उरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ही वीज त्या दिवशी असणार की नाही, हे ऑगस्टमध्ये ठरत नाही. ते आजच्या उन्हाळ्यात ठरते. कसे, ते पुढे येईलच.

आता प्रथम सोलर प्लेट म्हणजे काय ते पाहू. प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रान्समधील एदमाँ बेकरेल या तरुणाच्या ध्यानात १८३९ साली आले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ साली केला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी शंभरात सहा भागच वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या प्लेटा शंभरात वीस भागांच्या आसपास वीज देतात. पण एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या जवळपासच राहतो. तेवढ्याने बॅटरी भरत नाही. म्हणून लहान प्लेटीत ३६ सेल एकापुढे एक असे माळेत ओवतात. त्यांचा मिळून काम करतानाचा दाब सुमारे १८ व्होल्ट होतो. १०० वॉटची अशी प्लेट भर उन्हात सुमारे साडेपाच अँपिअर प्रवाह देते. या दोन आकड्यांवर आमचे पुढचे सगळे सांगणे उभे आहे, म्हणून ते कृपा करून ध्यानात ठेवावेत.

माळेत ओवणे म्हणजे काय? घराचा स्लॅब टाकताना आपण पाहिले असेल. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग असते आणि घमेली हातोहात वर जातात. रांगेतला एक माणूस थकला, त्याचा हात चालेना, तर काय होते? बाकीचे पस्तीस धट्टेकट्टे असले तरी घमेले त्याच्यापाशीच अडते. सगळ्या रांगेचा वेग त्या एकाच्या वेगावर येतो. एवढेच नव्हे, तर खालून लोक घमेली पुढे रेटीत राहतात आणि त्या बिचाऱ्याच्या अंगावर ओझे साचते. सोलर प्लेटीत हुबेहूब असेच घडते. एका सेलवर सावली पडली की साऱ्या माळेचा प्रवाह घटतो, आणि बाकीच्या सेलांची वीज त्या सावलीतल्या सेलमध्ये उष्णता होऊन जिरते. तो सेल तापतो, काळवंडतो आणि कालांतराने प्लेट निकामी होते.

घराच्या गच्चीवर सावली कमी असते. नावेवर मात्र ती जागोजाग असते. छपराचा खांब, झेंड्याची काठी, बांधलेला दोर, वर ठेवलेली गाठोडी, वाळत टाकलेली लाइफ जॅकेटे! शिवाय नाव फिरते तशी सावलीही फिरते. तळहाताएवढी सावली पडली तर तळहाताएवढेच नुकसान होईल, असा आपला साधा हिशेब असतो. माळेच्या बाबतीत तो चुकतो. येथे तळहाताएवढी सावली सगळी प्लेट बसवून ठेवू शकते.

यावर उपाय डायोडचा. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे दार. आपल्या भागात विहिरीवर आणि नदीवर पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सक्शन पाइपच्या तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो पाणी वर जाऊ देतो आणि खाली उतरू देत नाही. डायोड हा विजेचा फुटबॉल आहे. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली काचेच्या नळीत असे एकमार्गी साधन केले, तेव्हा त्याने त्याला व्हॉल्व्ह हेच नाव दिले. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे नाव आठवेल. त्याच १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युत्-लहरी टिपणाऱ्या साधनाचे अमेरिकन पेटंट मिळाले. डायोडचे हे कूळ असे आपल्या देशालाही चिकटलेले आहे.

सोलर प्लेटीच्या मागे जी काळी डबी असते ती उघडली, तर बहुधा दोन डायोड दिसतील. ३६ सेलांचे अठरा-अठराचे दोन गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक आडवाट ठेवलेली असते. गटातला एक सेल सावलीत गेला की प्रवाह त्या आडवाटेने पुढे जातो. रांगेतल्या थकलेल्या माणसाच्या अंगावर ओझे साचत नाही आणि रांगही अडत नाही. याला बायपास डायोड म्हणतात. आम्हां संघटनेच्या माणसांना ही योजना फार आवडते. थकलेल्याला हाकलून दिलेले नाही. त्याच्यावर पुन्हा ऊन आले की तो आपोआप कामाला लागतो.

पण येथे एक खोच आहे आणि ती विकणारा सहसा सांगत नाही. अठरा सेलांचा गट आडवाटेने वगळला गेला म्हणजे प्लेटीचा दाब १८ व्होल्टवरून ९ व्होल्टवर येतो. बॅटरी १२ व्होल्टची. ती भरायला १३-१४ व्होल्ट लागतात. नऊ व्होल्टचे पाणी तेरा व्होल्टच्या टाकीत चढणार कसे? म्हणजे प्लेट जळण्यापासून वाचली, पण बॅटरीत मात्र काहीच पडले नाही. बायपास डायोड आहे म्हणजे सावलीची चिंता नको, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

मग काय करावे? समजा, लाँचवर शंभर-शंभर वॉटच्या दोन प्लेटा आहेत आणि एका प्लेटीच्या एका सेलवर सावली आहे. दोन्ही प्लेटा एकापुढे एक जोडल्या आणि बायपास डायोड नसले, तर दोनशे वॉटपैकी जवळजवळ काहीच मिळणार नाही. त्याच प्लेटा शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडल्या, तर सावलीतली बसून राहील आणि दुसरी पूर्ण काम करील. निम्मी वीज हाती येईल. बायपास डायोडसह एकापुढे एक जोडल्या आणि मध्ये एम.पी.पी.टी. जातीचा कंट्रोलर असला, तर चार गटांपैकी तीन गट चालू राहतील. दाब सुमारे २७ व्होल्ट उरेल, आणि तो कंट्रोलर जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करून बॅटरीला देईल. पाऊण वीज मिळेल. प्लेटा त्याच, ऊन तेच, सावलीही तीच. फरक फक्त जोडणीचा! साधा, स्वस्त पी.डब्ल्यू.एम. कंट्रोलर असेल तर समांतर जोडणी बरी. कारण त्याला जादा दाबाचा उपयोग करता येत नाही. आणि या सगळ्याआधीचा, बिनपैशाचा उपाय म्हणजे झेंड्याची काठी चार हात मागे रोवणे आणि जॅकेटे दुसरीकडे वाळत घालणे.

आता डायोडचा दुसरा उपयोग. रात्री ऊन नसते. तेव्हा बॅटरीचा दाब प्लेटीपेक्षा जास्त असतो आणि दिवसा भरलेली वीज थोडी थोडी उलट प्लेटीत गळू लागते. तीन-चार प्लेटा समांतर असल्या तर त्यांतल्या चांगल्या प्लेटा बिघडलेल्या प्लेटीत वीज ढकलतात. हे थांबवण्यासाठी प्लेटीच्या धन वायरीत डायोड घालतात. त्याला ब्लॉकिंग डायोड म्हणतात. फुटबॉलची उपमा येथे तंतोतंत लागू पडते.

पण दार म्हटले की उंबरठा आला. डायोडमधून जाताना वीज दाबाचा काही भाग उंबरठ्यावर ठेवून जाते. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. साडेपाच अँपिअरला हे जवळजवळ चार वॉट झाले, आणि ते उष्णता होऊन जातात. जर्मन शास्त्रज्ञ शॉट्की यांच्या नावाने ओळखला जाणारा डायोड ०.४ व्होल्टच्या आसपास खातो. म्हणजे दोन-सव्वादोन वॉट. अलीकडे ‘आयडियल डायोड’ नावाची ट्रान्झिस्टरवर चालणारी जोडणी मिळते. ती व्होल्टचा काही शतांश भागच घेते. तेव्हा साधा डायोड काढून शॉट्की बसवला की काम झाले, असे आपण म्हणाल. पण थांबा. हे चार वॉट खरोखर बॅटरीच्या तोंडचेच जातात काय, हे पाहिले पाहिजे.

साध्या कंट्रोलरवर प्लेटीचे १८ व्होल्ट आणि बॅटरीचे १३ व्होल्ट यांत पाच व्होल्टची सूट असते. डायोडने त्यातले ०.७ घेतले तरी साडेपाच अँपिअर जवळपास पूर्ण मिळतात. थंडीच्या दिवसांत म्हणून हा तोटा जाणवत नाही. मात्र आपल्या सांगली-साताऱ्याचा एप्रिल घ्या. छपरावरची काळी प्लेट तापून ६५ अंशांपर्यंत जाते. आकडे छापलेले असतात ते २५ अंशांचे. दर अंशामागे प्लेटीचा दाब शंभरास सुमारे ०.४ या मानाने घटतो. चाळीस अंश वाढले की शंभरात सोळा गेले. १८ चे १५.१ व्होल्ट उरले. बॅटरी पुरी भरत आणताना तिला १४.४ व्होल्ट लागतात. डायोडचे ०.७ मिळवा, झाले १५.१. सगळी सूट संपली. आणि अजून वायरीचा हिशेब व्हायचाच आहे!

तो वायरीचा हिशेबही करून टाकू. छपरावरून बॅटरीपर्यंत आठ मीटर जाणे आणि आठ मीटर येणे धरा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साडेपाच अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट खाते. चार चौरस मिलिमीटरची वायर तेवढ्याच अंतरात ०.४ व्होल्टही खात नाही. म्हणजे बारीक वायर डायोडपेक्षा मोठी चोर आहे. त्यात दमट हवेने हिरवे पडलेले जोड असले, तर विचारायलाच नको. ऊन सर्वांत कडक त्या महिन्यात बॅटरी अर्धी राहते, याचे कारण आता आपल्या ध्यानात आले असेल. ऊन कमी नसते. वाटेतले जकातदार फार असतात.

यापुढचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. डायोड कोणता यापेक्षा डायोड कोठे, हा प्रश्न मोठा आहे. बॅटरी किती भरली हे कंट्रोलर आपल्या टोकावरचा दाब पाहून ठरवतो. डायोड प्लेट आणि कंट्रोलर यांच्यामध्ये असेल, तर कंट्रोलरला बॅटरीचा खरा दाब दिसतो. पण तोच डायोड कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये बसवला, तर कंट्रोलरला १४.४ दिसतात आणि बॅटरीला मिळतात १३.७ किंवा १३.८. बॅटरी भरली असे समजून कंट्रोलर हात आखडता घेतो. शिशाची बॅटरी अशी रोज थोडी अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. जी बॅटरी चार वर्षे चालायची ती दीड-दोन वर्षांत बसते.

मुद्दाम कोणी असे का बसवील, असे वाटेल. त्याला कारण असते. लाँचवर बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्याची आणि दुसरी दिव्यांची. दिव्यांनी इंजिनाची बॅटरी उतरवू नये, म्हणून कंट्रोलरपासून दोन फाटे काढून प्रत्येकात एकेक डायोड घालतात. हेतू चांगला आहे. भर पाण्यात इंजिन सुरू झाले नाही तर किती अनर्थ होईल! पण परिणाम वर सांगितल्याप्रमाणे होतो. शिवसागरावरच्या एका लाँचवर आम्ही हेच पाहिले. बॅटऱ्या लवकर बसतात अशी तेथल्या खलाशांची तक्रार होती, आणि दुकानातून सल्ला मिळाला होता तो तिसरी प्लेट घेण्याचा. मल्टीमीटर लावला. कंट्रोलरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.६. आठ दशांश व्होल्ट चार हातांच्या अंतरात गेले कोठे? दोन फाट्यांवरच्या डायोडांत आणि एका गंजलेल्या जोडात. डायोड काढून तेथे दोन बॅटऱ्यांसाठी दोन स्वतंत्र तोंडे असलेला कंट्रोलर बसवला, आणि जोड घासून घट्ट केला. तिसऱ्या प्लेटीची गरज राहिली नाही. एका बॅटरीची किंमत म्हणजे खलाशाची कित्येक दिवसांची मजुरी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आठ दशांश व्होल्टांचे मोल कळते.

असा कंट्रोलर न मिळाल्यास दोन बॅटऱ्यांमध्ये दाब पाहून जोडणारा व तोडणारा रिले बसवता येतो. किंवा ज्या कंट्रोलरला बॅटरीच्या टोकावरून दाब पाहणारी वेगळी बारीक तार असते तो घेता येतो. आणखी एक गोष्ट. आजचे बहुतेक कंट्रोलर रात्रीची उलटी गळती स्वतःच थांबवतात. तेथे वेगळा ब्लॉकिंग डायोड घालणे म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला दुसरे दार बसवणे होय. आधी तपासावे, मग बसवावे.

डायोड बसवणे आवश्यकच असेल तर चार गोष्टी सांभाळाव्यात. त्याच्या एका टोकाला पट्टी असते. ब्लॉकिंग डायोडचे ते टोक बॅटरीकडे असावे. बायपास डायोडचे ते टोक प्लेटीच्या धन बाजूस असावे. साडेपाच अँपिअरच्या ठिकाणी दहा अँपिअरचा डायोड घ्यावा. तो तापतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आणि वारा लागेल अशा जागी, पण पाण्यापासून दूर बसवावा. शॉट्की डायोड उलटा दाब कमी सोसतो आणि तापला की थोडा गळतो. म्हणून त्याच्यावर लिहिलेला व्होल्टचा आकडा प्लेटीच्या रिकाम्या दाबाच्या दुपटीहून कमी नसावा. काम करताना प्लेटीवर जाड कापड टाकावे. बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बंद पेटीत तो साचतो.

जगात याहून मोठी कामे झाली आहेत. ‘तुरानोर’ नावाचे सौर जहाज २७ सप्टेंबर २०१० रोजी मोनॅकोहून निघाले आणि केवळ उन्हावर पृथ्वीप्रदक्षिणा करून ४ मे २०१२ रोजी परत आले. आपल्याच देशात केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर २०१७ च्या जानेवारीपासून ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर नाव सरकारी जलवाहतूक खात्याने चालवली. ती नाव पर्यटनाची नव्हे, रोजच्या प्रवाशांची आहे, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. शिवसागरावर असे का होऊ नये? अवश्य व्हावे. पण लाखो रुपयांची सौर लाँच आली आणि तिच्या खलाशाला ‘तू सुकाणू धर, वायरीला हात लावू नकोस’ असेच सांगितले गेले, तर ती लाँच दोन पावसाळ्यांत धक्क्याला लागेल. मोठ्या नावेतले सेलही माळेतच ओवलेले असतात, आणि सावली तिच्यावरही पडते.

आता पुराच्या गोष्टीकडे येतो. पावसाळी ढगांत प्लेटीची वीज उन्हाळ्याच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यावर येते. त्या आठवड्यात कितीही उत्तम डायोड लावला तरी रिकामी बॅटरी भरणार नाही. तेव्हा उपयोगी पडते ती मे महिन्यात पुरी भरत आलेली, सल्फेट न धरलेली, निरोगी बॅटरी. म्हणून आम्ही म्हटले की ऑगस्टचा दिवा आज ठरतो. बचावाची नाव शेडमध्ये झाकून ठेवली आणि तिची बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहिली, तर गरज लागेल त्या रात्री ती दहा मिनिटे प्रकाश देऊन डोळे मिटील.

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत. सरकारकडे, ग्रामपंचायतीकडे, लाँच चालवणाऱ्या मंडळांकडे आणि मालकांकडे त्या आम्ही मांडीत आहोत. पहिली मागणी अशी की, नावेवर सोलर प्लेट बसवून देणाऱ्याने जोडणीचा नकाशा मराठीत लिहून नावेतच लावावा. डायोड कोठे आहे, वायर किती जाडीची आहे, बॅटरी कधी बसवली, हे त्यात असावे. दुसरी, प्रत्येक नावेमागे एक मल्टीमीटर द्यावा आणि तो कसा वापरावा हे नाव चालवणाऱ्यांस एक दिवस पगारी सुट्टी देऊन शिकवावे. आपल्या आय.टी.आय. मधील शिक्षक हे आनंदाने करतील. तिसरी, दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक बचाव-नावेची बॅटरी तपासून तिचा आकडा गावाच्या फळ्यावर लिहावा. पाण्याची पातळी आपण फळ्यावर लिहितोच. बॅटरीची पातळीही लिहू.

आणि नावाडी बंधूंना आमचे सांगणे असे की, नवी प्लेट घेण्यापूर्वी तपासणीचा हा क्रम पाळा. प्रथम सावली हटवा. मग जोड घासा. मग वायर पाहा. मग भर उन्हात, बॅटरी भरत आलेली असताना, कंट्रोलरवरचा आणि बॅटरीवरचा दाब मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. त्यांत दोन दशांशांहून जास्त फरक असेल तर मधे कोणीतरी खातो आहे असे समजा, आणि तो सापडेपर्यंत पैसे खिशातून काढू नका. हा आकडा घेऊन दुकानात गेलात म्हणजे दुकानदारही तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलू लागेल. हिशेब मागणाऱ्या कामगाराशी मालक ज्या भाषेत बोलतो, तीच ती भाषा आहे.

 बाहेर टेबलावर एक प्लेट, एक बॅटरी आणि तीन जातींचे डायोड मांडून ठेवले आहेत. मल्टीमीटरही आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने मोजून पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे. विशेषतः आमच्या भगिनींनी आणि शाळेतल्या मुलांनी.